सातवं ग्रीन

सातव्या ग्रीनवर चेंडू थांबत नाही.
फाइलीत हे वाक्य एकोणीस वेळा आहे,
चार कुलसचिवांच्या सह्यांसकट.
ठेवला की चेंडू जरा विचार करतो,
मग उताराला लागतो, झेंड्याला वळसा घालून
थेट नाल्याकडे,
तिकडे कुणी जेवायला थांबल्यासारखा.

मी विद्यापीठाच्या बांधकाम विभागातली.
गोल्फ मला येत नाही. मला उतार येतो,
शंभरात किती, ते.
नागपूरच्या मे महिन्यात डम्पी लेव्हल लावून उभी राहिले,
तोंडाला ओला दुपट्टा, खिशात कांदा
कारण आई ऐकत नाही.
आठ वाजले की भिंगातली पट्टी थरथरायला लागायची
आणि आकडे
पाण्यातल्या काडीसारखे वाकडे दिसायचे.

चुका लिहून काढल्या, न रागावता.
तिसऱ्याचा टी पश्चिमेकडे तोंड करून:
संध्याकाळी खेळणारा सूर्यालाच मारतो.
पाचव्याचा बंकर सगळ्यात खोलगट जागी,
जुलैपासून तिथे वाळू नसते, बेडूक असतात.
दुसरा नि आठवा एकमेकांना छेदतात,
तिथे कडुलिंबाला एक पितळी घंटा टांगलीय,
ज्याला आधी जायचंय त्यानं वाजवायची.
आणि नववा संपतो
मुलींच्या वसतिगृहाच्या वाळत घातलेल्या कपड्यांत.

आखलं कुणी हे?
नकाशाच्या कोपऱ्यात पुसट सही,
प्रा. हरकरे, स्थापत्य, एकाहत्तर साल.
पुण्याहून आलेले सल्लागार गुडघ्यावर बसले,
गवताला हात न लावता म्हणाले,
या माणसानं जन्मात चेंडू मारला नसावा.
आम्ही हसलो. मीसुद्धा.

सुकाजी मडावी हसला नाही.
छत्तीस वर्षं पाणी मारतोय तो या गवताला.
पाइप खांद्यावरून उतरवत म्हणाला,
"सपाट व्हतं जी मॅडम हे.
हरकरे सरांनी नळीत पाणी भरून लेव्हल घेतली,
नळीचं दुसरं टोक माह्या बापाच्या हातात व्हतं.
पण हे काळी माती पाहून राह्यल्या ना तुम्ही?
हे एका कुशीवर झोपत नाई.
पावसाळ्यात फुगते,
उन्हाळ्यात तोंड वासते,
आन् रात्री कोणी पायत नसलं का सरकते."

मी वहीत लिहिलं: प्रसरणशील मृदा.
त्याचं वाक्य जास्त अचूक होतं,
पण ते टेंडरमध्ये बसत नाही.

जेसीबीनं सातव्याची साल काढली
तेव्हा कमरेइतक्या खोलीवर चेंडू निघायला लागले.
भेगांनी गिळलेले, पन्नास उन्हाळ्यांचे,
जुन्या दातांसारखे पिवळे.
सुकाजीनं ते घमेल्यात वेचले, बावन्न भरले.
एकावर निळ्या शाईत अक्षर, ह.
हळदे असेल. हजारे असेल. कुणीही असेल.
तरी तो चेंडू मी टिपणवहीशेजारी ठेवला
आणि सल्लागारांना दाखवला नाही.
का, ते अजून नीट सांगता येत नाही.

नव्या नकाशात मी मुरूम घातला, वाळूचा थर,
माशाच्या काट्यासारखे निचऱ्याचे पाइप.
टी वळवला. बंकर वर उचलला.
नववा तसाच राहिला, वॉर्डनबाईंनी
दोऱ्या हलवायला साफ नकार दिला.
सातव्यावर पातळ्या लिहिल्या
आणि खाली बारीक अक्षरात,
"पातळ्या ११ जून रोजीच्या."
सल्लागार म्हणाले, तारीख कशाला?
म्हटलं, असू द्या.

घंटा मात्र अंदाजपत्रकात यायची राहून गेली.
काढायला पैसे नाहीत म्हणून ती आहे.
परवा फुटाळ्याकडून वावटळ आली,
मैदानात कुणी नव्हतं,
घंटा दोनदा वाजली
आणि मी, हातात टेप, डोक्यावर ऊन,
रस्ता मोकळा असून
थांबले.